मोठ्या चाकांची लॉरी

टायर आले ते बैलगाडीतून. दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन महिने झाले होते. औरंगाबादच्या छावणीत लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघत होता, आणि हसनाबादचे काकासाहेब असल्या ठिकाणाहून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांतले नव्हते. तंबूचं कापड, दोन कंदील आणि चार टायर असा माल बदनापूरच्या स्टेशनावर उतरला आणि तिथून गाडीत पडून गावात आला. टायर बघायला अर्धं गाव जमलं. एकेक टायर माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, आणि त्यावरची नक्षी अशी खोल की बोट घातलं तर दोन पेरं आत जावीत.

सगळ्या गावात एकटा कमरोद्दीन तेवढा खूश झाला नाही. तो काकासाहेबांच्या लॉरीचा ड्रायव्हर आणि मिस्त्रीही. मूळचा जालन्याचा, हैदराबादेत एका मोटारींच्या कारखान्यात दहा वर्षं हात काळे करून शिकलेला, आणि गेली आठ वर्षं हसनाबादेत. लॉरी म्हणजे काही फार मोठी नव्हे. पुढे तिघांना दाटीवाटीने बसता येईल अशी केबिन आणि मागे उघडा लाकडी हौदा. आज तिला कोणीही पिकअप म्हणेल. पण त्या काळी आसपासच्या वीस गावांत अशा दोनच होत्या, आणि त्यातली दुसरी कायम बिघडलेली असायची. काकासाहेबांच्या मिशीला जो पीळ होता तो बराचसा या लॉरीच्या जोरावर होता.

"काकासाहेब, हे टायर आपल्या गाडीचे न्हाईत," कमरोद्दीन म्हणाला. "मोठे हायेत."

"मोठे हायेत म्हणून तर आणले. पावसाळ्यात चार महिने गाडी दारात उभी राहती. काळ्या रानात हात हात रुतती. आता बघ कशी तरंगत जाती ते."

"रुतायची न्हाई, ते बराबर हाय. पण चढायची बी न्हाई."

बद्रीनाथ सुतार तिथेच उभा होता. गावातल्या निम्म्या बैलगाड्यांची चाकं त्याच्या हातची. त्याला हे ऐकून हसूच आलं. "काय बोलून राह्यले मिस्तरी? चाक जेवढं मोठं तेवढी गाडी हलकी. बारक्या चाकाची गाडी बैलाला मारती. कोणत्याबी बैलाला इचारा."

बैलाला विचारा म्हटल्यावर सगळे हसले. आणि खरी अडचण अशी होती की बद्रीनाथ खोटं बोलत नव्हता. बैलगाडीच्या बाबतीत ते सोळा आणे खरं होतं. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, धोंड्यावरून सहज जातं, बैलाची मान वाचते. या मुलखात चाकाविषयी माणसाला जे कळत होतं ते सगळं बैलगाडीने शिकवलेलं, आणि बापजाद्यांपासून ते कधी चुकलं नव्हतं. मग मोटारीतच ते का चुकावं?

कमरोद्दीनने समजावून सांगायचा प्रयत्न केला. बैल गाडी पुढून ओढतो, चाक नुसतं घरंगळतं. मोटारीला पुढून कोणी ओढत नाही. इंजिन चाकाला मधोमध धरून पिळतं, आणि चाक जितकं मोठं तितकं ते पिळायला जड. त्याने विहिरीच्या रहाटाचं उदाहरण दिलं. दोर गुंडाळायचं लाकूड बारीक असलं की बादली हळू येते पण हलकी येते. लाकूड जाड केलं तर एका फेऱ्यात हातभर दोर जास्त येईल, पण ओढणाऱ्याचे खांदे भरून येतील. तसंच हे.

"मंग काय करायचं?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज अजून चांगला होता.

"मागच्या आसाच्या पोटात दोन दातेरी चाकं असत्यात. बारकं पिनियन, त्याला नऊ दाते. मोठा क्राऊन, त्याला सदतीस. इंजिनाच्या दांड्याचे चार फेरे अन् वर थोडं, तवा चाकाचा एक फेरा. टायर मोठा बसवला तर ही जोडी बदलायला पायजे. सात दात्याचं पिनियन, चौतीस दात्याचा क्राऊन. मंग जवळपास पाच फेरे होत्यात अन् गेलेली ताकद परत येती. जालन्यात एका मोडक्या गाडीत तशी जोडी हाय, मी बघून आल्तो. तीन दिवस गाडी उभी ठेवा फक्त."

तीन दिवस! ऊस नाही, कापूस नाही, असे तीन दिवस हिवाळ्यात काकासाहेबांकडे नव्हते. "वैशाखात आपल्या पोराचं, धर्मराजचं लगीन हाय. ते उरकलं की बघू," ते म्हणाले, आणि विषय मिटला. त्याच संध्याकाळी नवे टायर चढले. जुने चार बद्रीनाथने मागून घेतले आणि काकासाहेबांच्याच दोन बैलगाड्यांना रबरी चाकं करून बसवले, त्यामुळे मागे फिरायची वाटही बंद झाली.

कमरोद्दीनने आणखी वाद घातला नाही. त्याला आपल्या कामाचा गर्व होता, पण मालकासमोर दुसऱ्यांदा तोंड उघडायची सवय नव्हती. ही सवय लागायला हवी होती असं त्याला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. जालन्याच्या सपाट रस्त्यावर लॉरी पूर्वीपेक्षा जोरात पळायची आणि इंजिन मात्र शांत. मैलाचा काटा तर काकासाहेबांवर खूशच झाला होता. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, काट्याला त्याचा पत्ता नसतो, तो आपले फेरे मोजत बसतो. त्यामुळे बावीस मैलांवरचं जालना अठरा मैलांवर आलं. काकासाहेब हे भेटेल त्याला सांगायचे. काटा पंचवीस दाखवतो तेव्हा गाडी तिशीच्या वर धावत असते, हे कमरोद्दीनने त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग चांगलंच हाय की."

पण कमरोद्दीनच्या पायांना वेगळंच कळत होतं. गाडी जागेवरून हलवताना क्लच पूर्वीसारखा चटकन पकडत नसे, आणि पकडेपर्यंत जळक्या कातड्यासारखा वास यायचा. ब्रेक लावला की गाडी थांबायची, पण रस्त्याकडेच्या दोन बाभळी ओलांडून. ब्रेक तेवढाच होता आणि चाक मोठं झालं होतं. उतारावर गिअरमध्ये धरून ठेवलेली गाडीही आता ऐकत नव्हती, पुढे ढकलत राहायची. रोज थोडं थोडं होत होतं, त्यामुळे ओरडून सांगावं असं एका दिवसात काही घडत नव्हतं. जुबेदा, त्याची बायको, जालन्याहून आली की म्हणायची, तुम्ही झोपेत पाय का दाबता?

गावात शिरायच्या आधी गिरजा नदी लागायची. पूल नव्हता. उन्हाळ्यात पाण्याची एक बारीक धार सोडली तर सगळं पात्र वाळूचं. पलीकडे दरड कापून केलेला चढ, एका गाडीपुरता रुंद, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, आणि वर लगेच गाव. हा चढ जुन्या टायरांवर लॉरी शंभर वेळा भरल्या हौद्यानिशी चढली होती.

चढावर लॉरीमागे चालायचं काम कचरूचं. कचरू पन्नाशीचा, पूर्वी काकासाहेबांचा गाडीवान. लॉरी आल्यावर त्याची बैलं विकली आणि त्याला लॉरीवर घेतलं. हातात बाभळीचा ठोकळा घेऊन तो मागच्या चाकाबरोबर चालायचा. गाडी दमली तर ठोकळा चाकाखाली, गाडी जागच्या जागी उभी. कमरोद्दीन जेवायचा कचरूच्या घरी. कचरूची बायको सगुणाबाई त्याच्यासाठी वेगळं भांडं ठेवायची नाही, हे गावातल्या चारजणांना खपायचं नाही आणि तिला त्याची पर्वा नव्हती. ती त्याला भाऊ म्हणायची आणि त्याच्याशी भांडायचीही भावासारखीच.

पौषात कापसाचे बोचके भरून येताना लॉरी त्या चढावर मधोमध बंद पडली. मागे सरकायला लागली. कचरूने ठोकळा टाकला, आणि कमरोद्दीनला बसल्या जागी जाणवलं की मागचं चाक ठोकळ्यावर चढतंय. जुनं चाक त्या ठोकळ्याला अडायचं. हे चाक त्यावरून अर्धं वर गेलं, क्षणभर थांबलं आणि परत खाली आलं. कापूस हलका होता म्हणून.

"बघितलं का मिस्तरी," कचरू हसत म्हणाला, "धोंडा म्हणून ओलांडून चाललं व्हतं."

कमरोद्दीन हसला नाही. त्या दिवशी चार बैल जोडून लॉरी वर ओढली. ओढताना मात्र ती मोठी चाकं खरोखरच हलकी गेली आणि बद्रीनाथने चारचौघांत ते बोलूनही दाखवलं. मोटारीला बैल जुंपलेले गावाने पाहिले, आणि काकासाहेब दोन दिवस पारावर आले नाहीत. "पुन्हा माझ्या गाडीला बैल लावशील तर याद राख," त्यांनी कमरोद्दीनला बजावलं.

मग कमरोद्दीनने जुनी युक्ती काढली. उलटा गिअर हा लॉरीतला सगळ्यात ताकदवान गिअर, पहिल्यापेक्षाही. तो वाळूतच गाडी वळवायचा, तोंड जालन्याकडे करायचा आणि पाठीमागून चढ चढायचा. लॉरी कुरकुर करत, पण न थांबता वर यायची. कचरूला ठोकळा घेऊन चाकामागे जायची गरजच राहिली नाही. तो वर उभा राहून हात दाखवायचा, डावीकडे घे, उजवीकडे घे. कमरोद्दीनला एवढंच हवं होतं. गाव हसेना का! आणि गाव हसलंच. काकासाहेबांची मोटार जावयासारखी रुसून येते म्हणायचे, गावाकडे पाठ करून. काकासाहेबांच्या कानावर ते जायचं, त्यांचा चेहरा लाल व्हायचा, पण लॉरी वर येत होती, तेव्हा ते गिळत होते.

आणि वैशाख आला.

नवरी बदनापूरची. उषा नाव, सोळा-सतरा वर्षांची, बारीक अंगाची. लग्न तिकडेच लागलं. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परत निघालं ते दुपार कलल्यावर. पुरुष मंडळी बैलगाड्यांतून आधीच पुढे गेली होती. लॉरीच्या केबिनमध्ये कमरोद्दीन, धर्मराज आणि नवरी. मागे हौद्यात काकासाहेबांची म्हातारी आई द्वारकाबाई, अकरा बायका, आणि नवरीबरोबर माहेराहून दिलेलं सामान: तांब्याचे हंडे, गव्हाची पोती आणि एक दगडी जातं. काकासाहेब घोडीवरून बाजूने येत होते.

वाटेत नवरी एकदाच बोलली. "चाचा, कायतरी जळून राह्यलंय का?"

"क्लच हाय बेटा. घाबरू नको," कमरोद्दीन म्हणाला. इतक्या महिन्यांत तो वास दुसऱ्या कोणाला पहिल्यांदाच आला होता.

नदीच्या वाळूत पोचले तेव्हा वर गावाच्या तोंडाशी वाजंत्री ऐकू येत होती. बायका ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यात सगुणाबाईही होती. कचरू चढाच्या पायथ्याशी ठरलेल्या जागी हजर होता. कमरोद्दीनने सवयीने स्टिअरिंग फिरवलं आणि लॉरी उलटी करायला घेतली.

"थांब!" हौद्यातून द्वारकाबाई ओरडल्या. "काय करतो?"

"उलटी घेतो, माँजी. रोजच्यासारखी."

"नवी नवरी पाठमोरी गावात येत नसती! कोणाच्या घरात आली का अशी? पाठ करून येती ती पाठ करूनच जाती."

काकासाहेब घोडीवरून जवळ आले. कमरोद्दीनने खाली उतरून हात जोडले. "मंग सगळ्यांला उतरू द्या. सामान उतरू द्या. रिकामी गाडी सरळ चढवतो. पाचशे पावलं बी न्हाई गाव."

"बाया उतरतील," काकासाहेब म्हणाले, पण द्वारकाबाईंनी तेही होऊ दिलं नाही. त्यांच्या घराची रीत होती. सासरच्या वाटेला लागलेली नवरी उंबरठ्याशीच खाली उतरायची, वाटेत तिचा पाय मातीला लागू द्यायचा नाही. आणि माहेरचं सामान वाळूत टाकून, नवरीला एकटी गाडीत ठेवून बाकीच्यांनी पायी जायचं, ही काय वरात म्हणायची?

"मी उतरते की," केबिनमधून उषा हळूच म्हणाली. "मला चालता येतं." धर्मराजने तिला गप्प राहायची खूण केली.

बैलांचं नाव काढायची सोय नव्हती. काकासाहेबांनी वर पाहिलं. वर सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. "सरळ घे," ते म्हणाले. "मागून माणसं लावू. दहाजण रेटतील."

तेवढ्या एका गोष्टीला कमरोद्दीन आडवा आला. "मागं माणूस बिलकुल नको! गाडी मागं आली तर दहाच्या दहा सापडतील." त्याचा आवाज असा चढला की काकासाहेब चमकले आणि त्यांनी ते मान्य केलं. रेटायला खाली आलेल्या दहाजणांना कमरोद्दीनने वर पिटाळलं. त्याला वाटलं, मोठी गोष्ट नाही तरी एवढी तरी आपण वाचवली. खरं तर त्याच दमात त्याला म्हणता आलं असतं की मी गाडी सरळ चढवणार नाही, किल्ली घ्या आणि दुसऱ्याला सांगा. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. पण वाजंत्री वाजत होती, ओवाळायला बायका थांबल्या होत्या, आणि आठ वर्षं ज्याची भाकरी खाल्ली त्याच्या पोराची वरात होती.

तो कचरूजवळ गेला. "तू वर जा. ठोकळा ठेव तिथंच."

"अन् गाडी थांबली मंग?"

"थांबणार न्हाई. तू चाकामागं यायचं न्हाई, बस्स. कसम घे."

"बरं बाबा," कचरू म्हणाला, आणि वर न जाता चढाच्या कडेला दरडीला चिकटून उभा राहिला. ठोकळा त्याच्या काखेत होता. कमरोद्दीनने ते पाहिलं. ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण हौद्यातल्या बायकांनी गाणं धरलं होतं.

त्याने वाळूत मागे जाऊन जमेल तेवढा वेग घेतला. पहिल्या गिअरमध्ये लॉरी चढाला भिडली आणि पहिली वीस पावलं चांगली गेली. मग इंजिनाचा आवाज खाली खाली यायला लागला, म्हाताऱ्या माणसाने जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबावं तसा. पायाखाली क्लच तापून धूर यायला लागला. नवरीने पदर नाकाला लावला. कमरोद्दीनच्या डोक्यात त्या वेळी देवाचं नाव नव्हतं, फक्त आकडे होते. नऊ आणि सदतीस. सात आणि चौतीस. चढ अजून निम्मा बाकी होता.

इंजिन दोन धक्के देऊन बंद पडलं.

त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, वर हातब्रेक ओढला. लॉरी क्षणभर थांबली. मग आधी बोटभर आणि मग हातभर मागे सरकली. हौद्यातलं गाणं तुटलं आणि किंकाळ्या सुरू झाल्या. त्याने बाहेर डोकं काढून मागे पाहिलं. कचरू दरड सोडून पळत चाकाकडे येत होता, ठोकळा दोन्ही हातांत धरून, जसा तो आठ वर्षं आला होता.

"कचरू, नको! हट!"

कचरूने ठोकळा बसवला. बराबर बसवला, जिथे बसवायचा तिथेच. आणि तो निसटू नये म्हणून वाकून हाताने दाबून धरला. भरल्या लॉरीचं ते मोठं चाक ठोकळ्यापाशी आलं, त्यावर चढलं आणि पलीकडे उतरलं.

कमरोद्दीनने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. लॉरीची पाठ दरडीत घुसली, माती ढासळली आणि गाडी तिरपी होऊन अडकली. हौद्यातल्या बायका एकमेकींवर पडल्या, एकीचा हात मोडला, जातं निसटून खाली वाळूपर्यंत गेलं. त्यांच्यातलं कोणी दगावलं नाही. कचरू चाकाखाली होता.

सगळ्यात आधी त्याच्यापाशी पोचली ती नवरी. केबिनमधून उडी मारून, अनवाणी, हळदीच्या पायांनी ती धावली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी, पाणी म्हणून ओरडायला लागली. कोणीतरी तांब्या आणला. तोवर पाण्याची गरज राहिली नव्हती. वरची वाजंत्री एकेक करून थांबली.

काही वेळ नुसती रडारड होती. मग द्वारकाबाईंना हौद्यातून उतरवलं, आणि त्या लॉरीला टेकून उभ्या राहिल्या, नवरीकडे बघत. "पाय टाकला न्हाई तोच माणूस गेला," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या पायाची हाय."

हे वाक्य कमरोद्दीनने एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना पाहिलं. आधी गाडी घसरली की आधी नवरीचा पाय मातीला लागला, हे डोळ्यांनी पाहणाऱ्या अकरा बायका तिथे होत्या. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकराजणींना पाय आधी लागलेला आठवणार होता. उषा अजून खालीच बसलेली होती, रक्ताने भरलेल्या शालूत. आपल्याविषयी काय बोललं जातंय ते तिला कळलं होतं, कारण तिने कचरूचं डोकं हळूच खाली ठेवलं आणि पाय शालूखाली ओढून घेतले. धर्मराज तिच्यापासून दहा हातांवर उभा होता.

"तिचं काय न्हाई यात," कमरोद्दीन म्हणाला. "चाकं मोठी हायेत. आसातली दात्यांची जोडी बदलायची राह्यली व्हती. मी सांगितलं व्हतं..." त्याने काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी एकच शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं. ते लॉरीकडे बघत राहिले. बाकीच्यांचे चेहरे कोरे होते. सात दाते आणि नऊ दाते! गावातला माणूस मेला होता, त्याचं कारण कोणीतरी माणूसच असायला हवं होतं. दात्यांना कोण शिव्या देणार, दात्यांना कोण घराबाहेर काढणार?

पोलीस पाटील पुढे आला. त्याला भोकरदनच्या पोलीस ठाण्याला कळवायचं होतं. "नीट सांगा. कशानं झालं?"

"गाडी चांगली व्हती," काकासाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले.

मग उरले दोघंच, हे कमरोद्दीनला स्वच्छ दिसलं. एक ती पोर, जिला या घरात अजून चाळीस-पन्नास वर्षं काढायची होती आणि जिच्याकडे आत्ताच सगळे पायांपासून बघायला लागले होते. आणि दुसरा तो. पोरीला बोलायचा हक्क नव्हता. तो बोलू शकत होता, आणि वेळ असताना तो बोलला नव्हता.

"माझी चूक हाय," तो म्हणाला. "ब्रेकवरून पाय सरकला माझा."

काकासाहेबांनी श्वास सोडला. पोलीस पाटलाने मान हलवली. हे समजण्यासारखं होतं, हे लिहून घेता येण्यासारखं होतं. बायकांच्या माना नवरीकडून वळून त्याच्याकडे आल्या.

सगुणाबाई तोवर नवऱ्यापाशी बसून होती. ती उठली. गर्दीने तिला वाट दिली. ती कमरोद्दीनसमोर येऊन उभी राहिली, आणि तिचा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता इतका शांत होता.

"भाऊ, खरं सांग. लोक काय म्हणतील ते म्हणू दे. तू मला सांग. पाय सरकला?"

तिला त्याने काहीही सांगितलं असतं. दात्यांचा हिशोब तिला कळला नसता, पण तिने त्याच्यावर विश्वास ठेवला असता. तिने एकटीने ठेवला असता. तिच्या खांद्यावरून त्याला उषा दिसत होती, तोंड वर करून त्याच्याकडेच बघत असलेली.

"हां, भाभी," तो म्हणाला. "सरकला."

सगुणाबाईने त्याला मारलं नाही. शिवीही दिली नाही.

"मंग जा," ती म्हणाली. "भोकरदनचे लोक न्यायला येतील तवा ये. तोवर माझ्या लेकरांला तू दिसायचा न्हाई."

त्याने लॉरीची किल्ली काकासाहेबांच्या हातात दिली आणि चढ उतरायला लागला. वाळूत पडलेल्या जात्याला त्याने वळसा घातला. मागे कोणीतरी बाई नवरीला उठवत होती, चल बाई, घरी चल म्हणत होती, आणि नवरीला घरात न्यायला कोणी हरकत घेतल्याचं त्याला ऐकू आलं नाही. पाण्याच्या धारेपाशी तो हात धुवायला वाकला. पलीकडच्या काठावर पोचला तेव्हा सगुणाबाईचं रडणं पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आलं, आणि तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिला.